दोन तळहातांएवढं रबर

२०२२ सालच्या ३ जूनला सकाळी अमरावती ते अकोला या पट्ट्यात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, डांबर टाकायला सुरुवात झाली. ते काम न थांबता ७ जूनला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत चाललं. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक लेन तयार झाली आणि तिची नोंद गिनीज बुकात झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, २५ किलोमीटरांचा. आज त्या रस्त्यावरून मोटारसायकल घेऊन निघालं की हँडल सैल धरलं तरी गाडी सरळ चालते.

याच महामार्गावर मूर्तिजापूरला उत्तरेकडे वळून दर्यापूरची वाट धरा. पूर्णा नदीचं खोरं लागतं. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन आणि मैलोन्‌मैल काळी जमीन. एखाद्या पांदणीत गाडी घातली की डांबर संपतं. पुढे अंजनगाव, मग परतवाडा, आणि तिथून घाट चढून समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरचं चिखलदरा. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत तापलेलं डांबर, काळी माती, मुरूम, गिट्टी आणि सागाच्या पानांनी झाकलेला ओला घाट, असं सगळं पालथं घालून येतो. दोन टायर मात्र तेच असतात.

ॲडव्हेंचर टूरिंगची मोटारसायकल घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिले टायर घासले की एकच प्रश्न विचारतो: ‘सगळीकडे चालेल असा टायर कोणता?’ असा टायर नाही. आपली गाडी वर्षभर कोणत्या जमिनीवर चालते याचं उत्तर मात्र आपल्याकडे असतं, आणि टायरची निवड त्या उत्तरातूनच होते. वऱ्हाडासारखा प्रदेश हे शिकायला फार चांगला आहे, कारण इथे जमिनीचे इतके प्रकार एका दिवसाच्या अंतरावर भेटतात.

धाव ते टायर

आपल्याकडे टायरला जुना शब्द आहे: धाव. बंडीच्या लाकडी चाकावर बसवलेलं लोखंडी कडं म्हणजे धाव. लोहार ते कडं भट्टीत लाल करायचा, प्रसरण पावलेलं कडं चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. कडं आकसून लाकडाला आवळून बसायचं. धाव चाकाला झिजू देत नसे, पण धक्का सगळा गाडीत यायचा.

धक्का गिळायचा तर चाकाखाली हवा हवी, ही कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये मांडली आणि तिचं पेटंटही घेतलं. ती मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि तिथून तो जगभर पसरला. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होतं. ते गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली होती, म्हणून हे पुढचं सगळं शक्य झालं.

या टायरचं जमिनीशी नातं किती लहान असतं ते एका हिशोबात कळतं. गाडी २०० किलोची, चालवणारा ७५ चा, बॅगा ३५ किलोच्या. एकूण ३१० किलो. ढोबळमानाने प्रत्येक चाकावर १५५ किलो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोचा दाब. १५५ ला २.१ ने भागलं की उत्तर येतं ७४ चौरस सेंटिमीटर. आपला तळहात बोटं सोडून साधारण एवढाच भरतो. ब्रेक, वळण, वेग आणि मागे बसलेल्या माणसाचा जीव, सगळं या दोन तळहातांएवढ्या रबरावर उभं असतं.

आता बटन टायरचा विचार करा. उंच, सुटे ठोकळे असलेल्या टायरला आपल्याकडे मेकॅनिक बटन टायर म्हणतात. त्याच्या तळहातात ठोकळे असतात आणि ठोकळ्यांच्या मध्ये मोकळी जागा. म्हणजे डांबराला टेकणारं रबर आणखी कमी. मुरमात ते ठोकळे रुतून पकड धरतात. डांबरावर रुतायला काही नसतं, म्हणून ते लवतात. जोरात ब्रेक मारला की ठोकळे पुढे वाकतात, वळणात बाजूला कलतात आणि गाडी हलल्यासारखी वाटते. शिवाय ते लवकर झिजतात. मागच्या चाकावर रस्त्याचा टायर जेवढे किलोमीटर देतो, त्याच्या निम्मेही बटन टायर बहुतेक वेळा देत नाही.

काळी माती टायर पाहत नाही

चार-पाच वर्षांपूर्वी मी हौसेने बटन टायर घेतले. जुलै महिना होता. रात्री पाऊस पडून गेला होता आणि सकाळी ऊन निघालं होतं. दर्यापूरच्या अलीकडे एक पांदण वरून कोरडी दिसली म्हणून गाडी आत घातली. पहिले पन्नास मीटर छान गेले. मग मागचं चाक जड झालं. इंजिनाचा आवाज वाढला, वेग कमी झाला. पुढच्या मडगार्डखाली माती भरत गेली आणि थोड्या अंतरावर पुढचं चाक फिरायचंच थांबलं. मी उतरलो. टायरची नक्षी कुठेच दिसत नव्हती. ठोकळ्यांमधली सगळी जागा मातीने लिंपून गेली होती आणि बटन टायर एका जाड, गुळगुळीत, काळ्या कड्यासारखा दिसत होता. माझ्या बुटांनाही तेवढीच माती होती.

काठीने माती खरवडत बसलो असताना धुऱ्यावरून एक कास्तकार आले. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

‘भाऊ, हे कायी माती हाये. पानी पडलं का इच्यात आमी बंडीबी नाही घालत. दोन उन्हं खाऊ द्या तिले, मंग या.’

त्यांनी आणि मी मिळून गाडी मागे ओढली. ऐंशी मीटरसाठी तासभर लागला.

त्या वाक्यामागे पूर्ण शास्त्र आहे. वऱ्हाडची काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यात बारीक चिकणमातीचं प्रमाण फार मोठं असतं. या चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं की ते फुगतात. म्हणून पावसात ही जमीन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याचा हाच गुण कपाशीला जगवतो आणि हाच गुण चाक अडवतो.

बटन टायर चिखलात चालतो तो एका तत्त्वावर: चाक फिरताना ठोकळ्यांमधला चिखल बाहेर फेकला गेला पाहिजे. वाळूमिश्रित चिखल फेकला जातो. काळी माती फेकली जात नाही, ती रबराला धरते आणि तिच्यावर पुढची माती बसते. पुढचं मडगार्ड टायरला जितकं जवळ तितकं चाक लवकर अडकतं. उंच चोचीसारखं मडगार्ड असलेल्या गाड्या थोड्या जास्त तग धरतात, पण थोड्याच. हवा कमी करूनही फार फरक पडत नाही. वऱ्हाडात पावसाळ्यातल्या काळ्या मातीसाठी टायर विकत घेऊ नका. त्या जमिनीला दोन उन्हं द्या. इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत.

पंचेचाळीस अंशांतलं डांबर

पावसाचे चार महिने वगळले तर वऱ्हाडातला टायरचा खरा सामना उन्हाशी असतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं इथल्या लोकांना नवीन नाही. हवा ४५ अंशांवर असते तेव्हा काळं डांबर ६० अंशांच्याही वर गेलेलं असतं. त्यात टायर स्वतःही उष्णता तयार करतो. प्रत्येक फेरीत टायरचा खालचा भाग दबतो आणि पुन्हा गोल होतो. या दबण्या-फुलण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन रबरात राहते.

टायर तापला की आतली हवा तापते आणि दाब वाढतो. सकाळी २७ अंशांना ३० पीएसआय भरलेली हवा टायरसोबत ६७ अंशांपर्यंत तापली तर गेजवर सुमारे ३६ दाखवते. अनेक जण इथेच चूक करतात. दुपारी पेट्रोल पंपावर ३६ पाहून ‘हवा जास्त झाली’ म्हणून सहा पीएसआय सोडून देतात. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर थंड असतो तेव्हा त्यात २४-२५ उरलेली असते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबतो म्हणून जास्त तापतो, आणि लादलेल्या गाडीखाली तापलेला टायर आतून सुटायला लागतो. कंपनीने सांगितलेली हवा नेहमी थंड टायरची असते. ती सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावी. स्वतःचं साधं गेज बॅगेत ठेवावं, कारण दोन पंपांची गेजं अनेकदा दोन आकडे सांगतात.

उन्हाचा दुसरा परिणाम रबराच्या मिश्रणावर होतो. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत कणांत शिरून पकड देतं, पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण ओल्या रस्त्यावर घसरतं. कार्बन ब्लॅकमुळे टायर काळा आणि मजबूत होतो. त्यासोबत सिलिका मिसळली की ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते. म्हणून आजचे कित्येक चांगले टायर मध्ये कडक आणि कडांना मऊ रबराचे असतात: सरळ धावताना मधला भाग टिकावा, वळताना कडांनी धरावं.

नागपूर ते अकोला असा सरळ प्रवास वारंवार करणाऱ्यांचा मागचा टायर मध्येच घासून चपटा होतो. हात फिरवला तर गोलाई संपून कड लागते. असा टायर सरळ रस्त्यावर ठीक वाटतो, पण चिखलदऱ्याच्या घाटात गाडी वळणात उतरवताना त्या कडेवर अडखळते. नक्षी उरलेली असूनही टायर बदलावा लागतो तो इथे.

गिट्टी, मुरूम आणि मेळघाट

मग ठोकळ्यांचा उपयोग कुठे? काम चालू असलेल्या रस्त्यांवर. सुटी गिट्टी, वरून टाकलेली चुरी, खोदून ठेवलेली बाजू. अशा जागी फार गुळगुळीत टायर तरंगतो आणि थोडे खोल खाचे असलेला टायर दिशा धरून राहतो. उन्हाळ्यातल्या मुरमाच्या वाटांवर, नदीपात्राच्या कडेच्या वाळूत, नरनाळ्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या दगडाळ तुकड्यांवरही तो फरक जाणवतो. पुढचं चाक २१ इंचांचं असेल तर ते खड्डा आणि दगड सहज ओलांडतं. १९ इंचांचं चाक रस्ता आणि कच्ची वाट यांत समतोल साधतं. १७ इंचांचं वळणात चपळ असतं, पण खड्ड्यात जास्त आपटतं.

परतवाड्याहून वर चढणाऱ्या घाटाची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात धुकं, कठड्यांच्या कडेला शेवाळ, सागाची मोठी भिजलेली पानं आणि अधूनमधून वाहून आलेली माती. इथे ठोकळे मदत करत नाहीत. इथे लागतं ओल्यात धरणारं रबर आणि पाण्याला बाहेर वाट देणारे बारीक खाचे. म्हणजे ज्या घाटाला आपण साहसाची जागा समजतो, तिथे रस्त्याचा चांगला टायर बटन टायरपेक्षा सुरक्षित ठरतो. आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे: मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. सार्वजनिक रस्ता सोडून आतल्या जंगलवाटांवर मोटारसायकल नेऊ नये. तिथला शांतपणा वाघाचा, अस्वलाचा आणि तिथे राहणाऱ्या कोरकू लोकांचा आहे. आपल्या टायरला तो तुडवण्याचा हक्क नाही.

टक्केवारीचा खरा अर्थ

१९८० मध्ये बीएमडब्ल्यूने ‘आर ८० जी/एस’ ही मोटारसायकल आणली. जी म्हणजे गेलेंडे, उघडी जमीन. एस म्हणजे श्ट्रासे, रस्ता. एकाच गाडीने दोन्हीकडे जायचं हे त्या दोन अक्षरांत ठरलं आणि तिच्यामागे या प्रकारच्या टायरांचा बाजार उभा राहिला. आपल्याकडे २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आली, तशी या प्रकारची गाडी तालुक्याच्या गावात पोहोचली.

टायर कंपन्या हे दोन्हीकडचं जाणं टक्क्यांत सांगतात: ९०/१०, ८०/२०, ५०/५०. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा कच्च्या वाटेचा. हे प्रयोगशाळेत मोजलेलं प्रमाण नसतं. टायर कशासाठी बनवला आहे याचा तो इशारा असतो. त्याच्याशी जुळवायचा आकडा आपल्याला आपल्याच वहीतून काढावा लागतो.

एक वर्ष नोंद ठेवा. समजा तुमचे ८००० किलोमीटर झाले. त्यांतले ६८०० नागपूर, छत्रपती संभाजीनगर, चिखलदरा अशा डांबरी रस्त्यांवर, ९०० उखडलेल्या किंवा काम चालू असलेल्या रस्त्यांवर आणि ३०० खऱ्या कच्च्या वाटांवर. म्हणजे ८५ टक्के डांबर, ११ टक्के खराब रस्ता, ४ टक्के माती. अशा माणसाने ५०/५० चा टायर घेतला तर तो वर्षभर त्या ४ टक्क्यांसाठी बाकीच्या ९६ टक्क्यांवर पकड गमावतो. त्याला ८०/२० चा टायर शोभतो. ज्याचं शेत पाच किलोमीटर मुरमाच्या रस्त्यावर आहे आणि जो रोज ते अंतर कापतो, त्याचा आकडा वेगळा येईल आणि त्याने ५०/५० घ्यावा. टायर मनातल्या लडाखसाठी घेतला जातो आणि चालतो मूर्तिजापूरच्या रस्त्यावर. लडाखला जायचं ठरलं की त्या प्रवासापुरते वेगळे टायर चढवता येतात.

टायरची भिंत वाचावी

दुकानात टायर हातात आला की त्याच्या बाजूच्या भिंतीवरची अक्षरं उजेडात धरून वाचावीत. ‘१४०/८० आर १७ ६९ एच’ असं असेल तर रुंदी १४० मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ८० टक्के म्हणजे ११२ मिलिमीटर, आर म्हणजे रेडियल, १७ इंचांची रिम. ६९ हा भाराचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ ३२५ किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा घेऊन जाणाऱ्याने भाराचा आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली कधीच घेऊ नये.

रेडियल टायरचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, म्हणून तो वेगात थंड आणि स्थिर राहतो. आडव्यातिडव्या धाग्यांच्या बायस टायरची भिंत जाड असते आणि दगडाचा मार सोसते. काही गाड्यांना कंपनीच पुढे बायस, मागे रेडियल देते. तसं सांगितलेलं नसेल तर मनाने मिसळू नयेत.

मग ट्यूबचा प्रश्न. शिवाराच्या वाटांवर बाभळीचे काटे असतात. ट्यूबलेस टायरमधला काटा काढून स्ट्रिप भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि ते आपणच करू शकतो. साध्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते, तिथे चाक काढावं लागतं. ट्यूब असलेल्या चाकात हवा फार कमी करू नये. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह फाटतो. ट्यूबवाल्यांनी दोन टायर लिव्हर, एक जादा ट्यूब आणि हातपंप सोबत ठेवावा आणि चाक काढायचा सराव घरच्या अंगणात करावा.

शेवटी चार अंकांचा शिक्का शोधावा. ‘३२२४’ म्हणजे २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर. उन्हात टांगून ठेवलेला जुना टायर नवा दिसतो, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं. नख रुतवून पाहा, खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत का ते पाहा. दुचाकीचे टायर आता विदर्भातही बनतात. नागपूरजवळ बुटीबोरीला सिएटचा कारखाना आहे. ताजा टायर मिळणं अवघड नाही, मागायची सवय मात्र हवी.

मी माझे बटन टायर त्या वर्षाअखेर काढले आणि ८०/२० चे घातले. डिसेंबरमध्ये पुन्हा त्याच पांदणीत गेलो. माती सिमेंटसारखी कडक झाली होती. बंडीच्या चाकांनी पावसाळा सरताना पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या जशाच्या तशा वाळल्या होत्या. मी हवा चार पीएसआय कमी केली, एक चाकोरी धरली आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश निघालो. जिथे जुलैत गाडी अडकली होती ती जागा ओळखता आली. नवे टायर तिच्यावरून खडखडत गेले. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती आणि पांदण सरळ पूर्णेपर्यंत मोकळी होती.